शाळा सुटल्यानंतरचे तास

शिक्षकाच्या थकव्याचा विचार करताना सामान्यतः तासांचा हिशेब मांडला जातो, आणि तो मांडला की हा व्यवसाय इतर अनेक व्यवसायांपेक्षा सुखाचा भासतो, कारण साडेदहाला भरलेली शाळा पाच वाजता सुटते, मे महिन्यात सुट्टी असते आणि दिवाळीत पुन्हा असते. हा हिशेब खोटा नाही, पण अपुरा आहे. श्रम किती वेळ चालले हे घड्याळ सांगू शकते. ते कोणत्या प्रकारचे होते हे सांगू शकत नाही, आणि विश्रांती लाभते की नाही हे मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीवर ठरते. दिवसभर पोती वाहणाऱ्या माणसाला खाटेवर पडून जे मिळते, ते दिवसभर साठ मुलांना सांभाळणाऱ्या माणसाला तेवढ्याच वेळात तशाच खाटेवर मिळेल अशी खात्री देता येत नाही, कारण त्याचे शरीर आडवे झाले तरी वर्ग डोक्यात भरलेलाच राहतो.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फिलिप जॅक्सन यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ इन क्लासरूम्स’ या पुस्तकात वर्गातील दैनंदिन व्यवहाराचे बारकाईने वर्णन केले असून, प्राथमिक शाळेतील शिक्षकाच्या वाट्याला एका दिवसात मुलांशी देवाणघेवाणीचे एक हजारपर्यंत प्रसंग येतात, असे त्यांनी नोंदवले आहे. पाणी प्यायला जाण्याची परवानगी, हरवलेल्या पेन्सिलीची तक्रार, चुकीच्या उत्तराला द्यायचा प्रतिसाद, खिडकीबाहेर पाहणाऱ्याला हाक मारायची की दुर्लक्ष करायचे याचा विचार, अशा प्रत्येक प्रसंगी एक लहानसा निर्णय घ्यावा लागतो. तो क्षणात घ्यावा लागतो, सर्वांच्या देखत घ्यावा लागतो आणि त्याच वेळी फळ्यावरचे अर्धवट गणितही पुढे न्यावे लागते. सुटा पाहिला तर यातला एकही निर्णय अवघड नसतो. पण कार्यालयातील माणूस फाईल बाजूला सारून दहा मिनिटे गप्प बसू शकतो, तशी मुभा वर्गात जवळपास कधीच नसते. एकच खोली आणि तीत दोन इयत्ता असतील, तर ही धावपळ दुप्पट होते, आणि महाराष्ट्रातील असंख्य द्विशिक्षकी शाळांत ती रोजची असते.

या निर्णयांच्या जोडीला आणखी एक श्रम चालू असतो आणि तो दिसत नसल्यामुळे त्याची मजुरीही धरली जात नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये ‘द मॅनेज्ड हार्ट’ या ग्रंथात त्याला भावनिक श्रम असे नाव दिले. नोकरीचा भाग म्हणून ठराविक भावना चेहऱ्यावर आणणे आणि नको असलेली भावना दाबणे, असा त्याचा अर्थ. त्यांचा अभ्यास विमानातील सेविका आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांच्यावर होता, पण त्यांनी केलेला एक भेद शिक्षकांना तंतोतंत लागू पडतो. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरे ठेवणे हा वरवरचा अभिनय, तर अपेक्षित भावना आपल्या मनातही खरोखर जागी करण्याचा प्रयत्न हा खोल अभिनय होय. पहिला प्रकार अधिक थकवणारा असतो, असे नंतरच्या अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. शिक्षकाचे वेगळेपण असे की, त्याला केवळ हसण्याचाच अभिनय करावा लागत नाही. मनातून हसू येत असताना रागावल्याचा आव आणणे आणि खरोखर संताप आलेला असताना शांत राहणे, या दोन्ही कसरती एकाच तासात कराव्या लागतात.

अशा श्रमाची भरपाई दीर्घकाळ झाली नाही तर जे घडते, त्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. हा शब्द मानसशास्त्रात हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्या १९७४ च्या लेखातून रुळला आणि ख्रिस्तिना मास्लाक व सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये त्याच्या मोजमापाची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन घटक आहेत: भावनिक दृष्ट्या रिते होणे, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून न पाहता एक प्रकरण म्हणून पाहू लागणे, आणि आपल्या हातून काही साधत नाही असे वाटणे. दुसरा घटक शिक्षकाच्या बाबतीत सर्वांत आधी ओळखू येण्याजोगा आहे, कारण मुलांची नावे मागे पडून त्यांच्याविषयी ‘ही पोरं’ अशा एकाच तुच्छतेच्या सुरात बोलले जाऊ लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटचा उल्लेख आहे, मात्र तो आजार म्हणून नव्हे तर व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून. त्याचे मूळ व्यक्तीइतकेच कामाच्या ठिकाणीही शोधावे, असा त्याचा रोख आहे.

शिक्षकाच्या थकव्यातील सर्वांत शारीरिक, आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे आवाज. स्वरयंत्रातील दोन स्वरतंतू एकमेकांवर आपटून ध्वनी निर्माण होतो आणि स्त्रीच्या सर्वसाधारण बोलण्यात ही आपट सेकंदाला सुमारे दोनशे वेळा होते. आवाज चढवला की तिचा जोरही वाढतो. भोवती गोंगाट असेल तर माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो, या प्रवृत्तीला ती १९११ च्या सुमारास प्रथम मांडणारे फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांच्या नावाने लोंबार परिणाम म्हणतात. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत असताना किंवा शेजारच्या वर्गात पाढे चालू असताना शिकवणाऱ्याला हा परिणाम दर मिनिटाला भोगावा लागतो. अमेरिकेतील आयोवा व युटा या राज्यांत नेल्सन रॉय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झाल्याचे सांगणाऱ्या शिक्षकांचे प्रमाण ५७.७ टक्के आढळले; शिक्षक नसलेल्यांत ते २८.८ टक्के होते.

आवाजाची विश्रांती कशी होते, याविषयीचे एक संशोधन येथे उपयोगी पडते. एरिक हंटर आणि इंगो टिट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना दोन तास मोठ्याने वाचायला लावून त्यांचा आवाज किती वेळात पूर्ववत होतो हे पाहिले, तेव्हा बरीचशी भरपाई चार ते सहा तासांत झाली आणि पूर्ण भरपाईला बारा ते अठरा तास लागले. पाचला सुटलेली शाळा दुसऱ्या दिवशी साडेदहाला भरते तोवर साडेसतरा तास जातात, म्हणजे निसर्गाने दिलेली मुदत जेमतेम पुरते. मध्ये संध्याकाळच्या शिकवण्या आल्या की ती पुरत नाही. घसा बसल्यावर कुजबुजत बोलण्याचा उपाय अनेक जण करतात, पण पुष्कळांच्या बाबतीत कुजबुजताना स्वरयंत्रावर ताण वाढतो, म्हणून हळू पण नैसर्गिक आवाजात बोलणे किंवा सरळ गप्प राहणे अधिक हिताचे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या घशाला बरे वाटावे इतपत ठीक आहेत. त्यांचे पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही आणि पोचले तर ठसका लागतो. घरी आल्यावर तासभर कोणाशी न बोलणाऱ्या शिक्षकाला माणूसघाणा ठरवण्याआधी घरच्यांनी हे शरीरशास्त्र लक्षात घ्यायला हरकत नाही.

मनाच्या भरपाईचा शास्त्रीय विचार १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये विशेष झाला. थिओ मेइमन आणि खेइस्बर्टुस मुल्डर यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, श्रमात वापरल्या गेलेल्या शारीरिक व मानसिक यंत्रणांवरचा भार उतरला की त्या आपोआप मूळ पातळीवर येतात. अट एवढीच की फावल्या वेळात त्याच यंत्रणांना पुन्हा जुंपता कामा नये. शाळेत मुलांशी बोलून आलेल्या व्यक्तीने घरी पालकांशी फोनवर बोलत बसावे, हे या सिद्धान्ताच्या दृष्टीने ओव्हरटाइमच होय, मग ते आरामखुर्चीत बसून का असेना. हाच विचार पुढे नेत जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग यांनी शंभर डच शिक्षकांना पाच दिवस दैनंदिनी लिहायला सांगितली आणि २००१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. संध्याकाळी शाळेच्या कामात घालवलेला वेळ झोपण्यापूर्वीची मनःस्थिती खालावणारा ठरला, तर हलकेफुलके उद्योग, माणसांत मिसळणे आणि शारीरिक हालचाल या तिन्हींनी ती सुधारली. पुढे २००७ मध्ये शार्लट फ्रिट्झ यांच्यासह त्यांनी भरपाई घडवणारे चार अनुभव वेगळे काढले: कामापासून मानसिक अलिप्तता, शिथिलता, नवीन काही साधल्याचा म्हणजे प्रावीण्याचा अनुभव, आणि मोकळ्या वेळावर स्वतःची सत्ता.

या चार अनुभवांतील अलिप्तता शिक्षकांना सर्वांत जड जाते. ब्रिटनमधील सरे विद्यापीठाचे मार्क क्रॉप्ली यांनी शाळाशिक्षकांच्या संध्याकाळींचा अनेक वर्षे अभ्यास केला, आणि ज्यांच्या कामात मागण्या जास्त व निर्णयाचे स्वातंत्र्य कमी असते असे शिक्षक निजायची वेळ होईपर्यंत शाळेचाच विचार करत राहतात व त्यांची झोपही कमी प्रतीची असते, असे त्यांना दिसून आले. पुढच्या काळात त्यांनी या रवंथाचे दोन प्रकार केले. मुख्याध्यापक सर्वांसमोर जे बोलले ते पुन्हा पुन्हा आठवून जळफळत राहणे हा भावनिक रवंथ. अपूर्णांक अमक्या मुलीला समजत नाहीत तर उद्या पोळीचे तुकडे करून दाखवावेत का, असा विचार करणे हे समस्येचे चिंतन. पहिला झोप उडवतो, दुसरे तितके नुकसान करत नाही आणि कधी कधी समाधानही देते. ‘शाळेचा विचारच करू नका’ असा सरसकट सल्ला देणारी आरोग्यविषयक सदरे हा फरक विसरतात, आणि ज्या शिक्षकाला आपले काम आवडते त्याला ती उगीचच अपराधी ठरवतात.

भावनिक रवंथाला खाद्य पुरवणारी मोठी गोष्ट म्हणजे अपुरे राहिलेले काम. ब्ल्युमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये बर्लिनमधील प्रयोगांच्या आधारे, मध्येच थांबवलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असे मांडले. स्मरणाविषयीचा हा निष्कर्ष पुढच्या सर्व प्रयोगांत टिकला नाही, परंतु अपुरे उद्दिष्ट मनात डोकावत राहते, या अनुभवाला पुष्टी मिळत गेली. २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि रॉय बाउमायस्टर यांनी दाखवून दिले की, काम पूर्ण झाले नसले तरी ते केव्हा, कुठे व कसे करायचे याची नेमकी आखणी केली तर हे डोकावणे पुष्कळ कमी होते. महाराष्ट्रातील शिक्षकांना टाचण वही, म्हणजे पाठांच्या आखणीची वही, परिचित आहे, किंबहुना नको तितकी परिचित आहे, कारण ती बहुधा तपासणीला येणाऱ्यासाठी लिहिली जाते. शाळेचे कुलूप लागण्यापूर्वी पाच मिनिटे बसून राहिलेल्या कामांपुढे उद्याची वेळ लिहिणे, हा त्याच वहीचा स्वतःसाठी केलेला वापर ठरेल.

आखणीने सुटतील अशी कामे मात्र सर्वच नसतात. शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात शिक्षकासाठी तयारीच्या वेळेसह आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत आणि कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम त्याला देता येत नाही. प्रत्यक्षात हे तीन अपवादच चांगले ऐसपैस आहेत, कारण मतदारयाद्यांसाठी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून घरोघर फिरणे निवडणुकीत मोडते. शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, सरल प्रणालीतील दुरुस्त्या आणि ‘आजच सायंकाळपर्यंत’ मागवलेले तक्ते हे सारे शैक्षणिकच समजले जाते. ही मागणी केंद्राच्या किंवा तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्री नऊलाही येऊ शकते. झोनेनटाग व फ्रिट्झ यांच्या यादीतील चौथा अनुभव, म्हणजे आपल्या वेळेवरची सत्ता, येथे संपतो, आणि गटावर काहीच आले नाही तरी येईल या अपेक्षेनेच तो निम्मा संपलेला असतो. प्राणायाम आणि छंद यांची शिफारस करणाऱ्या प्रशिक्षणांत या गोष्टीचा उल्लेख क्वचितच होतो. वेळेचा हा प्रश्न केवळ येथला नाही: आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत जपानमधील माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांचे शिक्षक आठवड्याला सरासरी ५६ तास काम करत असल्याचे आढळले, सहभागी देशांची सरासरी सुमारे ३८ तास होती.

संध्याकाळची सत्ता घरातही वाटली जाते, आणि ती समान वाटली जात नाही. भारताच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीनुसार घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ मारियाने फ्रांकेनहॉयझर यांनी १९८० च्या दशकात व्होल्वो कंपनीतील कर्मचाऱ्यांच्या शरीरातील ताणाशी निगडित संप्रेरके मोजली, तेव्हा पुरुष व्यवस्थापकांमधील नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची पातळी काम सुटताच झपाट्याने उतरत असल्याचे आणि स्त्री व्यवस्थापकांमध्ये ती संध्याकाळी उलट चढत असल्याचे दिसले. कार्यालयातून घरी येणे ही एकाच्या दृष्टीने सुटका होती, दुसरीच्या दृष्टीने पाळी बदलणे होते. शाळेतून येऊन कुकर लावणाऱ्या, स्वतःच्या मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आणि सगळे निजल्यावर घटक चाचणीचे गठ्ठे काढणाऱ्या बाईंना ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असे सांगण्यापेक्षा, तो वेळ घरातील कोणाच्या हिश्श्यातून निघणार हे ठरवणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

उरलेल्या वेळात बहुतेकांचा हात टीव्हीच्या रिमोटकडे किंवा मोबाईलकडे जातो, आणि त्यात मुळात वाईट काही नाही, कारण हलका उद्योग म्हणून मालिका भरपाई करू शकते. लेओनार्ट राइनेके आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक मजेदार अडचण दाखवली: जे जास्त थकलेले असतात त्यांनाच, आपण काम टाळून हे पाहत आहोत, अशी टोचणी जास्त लागते, आणि टोचणीमुळे पाहण्याचा गुण येत नाही. वह्यांचा गठ्ठा शेजारी ठेवून अर्ध्या लक्षाने पाहिलेली मालिका ना तपासणी होऊ देते ना विश्रांती. एक तास वह्या आणि मग गठ्ठा दुसऱ्या खोलीत ठेवून एक तास मालिका, ही विभागणी त्यापेक्षा शहाणपणाची.

सहकाऱ्यांशी बोलण्याचा मार्ग महाराष्ट्रात विशेष वापरातला आहे, कारण तालुक्याच्या गावी राहून खेड्यातल्या शाळेत रोज अप-डाउन करणाऱ्यांची येण्याजाण्याची वाट एकत्रच असते. एसटीच्या मागच्या बाकांवर, वडापच्या जीपमध्ये किंवा फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर दिवसाची उजळणी होते, आणि घरी पोचण्यापूर्वी शाळा उतरवून ठेवण्याची ही जागा आहे. बेल्जियन मानसशास्त्रज्ञ बेर्नार रिमे यांनी भावना इतरांना सांगण्याच्या सवयीचा दीर्घ अभ्यास केला असून, नुसते सांगितल्याने जवळीक वाढते, परंतु भावनेची तीव्रता आपोआप उतरत नाही. प्रसंगाकडे वेगळ्या दृष्टीने पाहायला कोणी लावले तरच ती उतरते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणून ज्या कंपूत ‘अहो गुरुजी, त्या पोराचे वडील दारू पितात, तो वर्गात झोपणारच’ असे म्हणणारा एखादा अनुभवी माणूस असतो, त्या कंपूतून हलके होऊन उतरता येते. जिथे फक्त बदल्या, थकलेली बिले आणि वरिष्ठांची निंदा आळीपाळीने चालते, तिथे चाळीस मिनिटांच्या प्रवासात दिवस पुन्हा एकदा जगला जातो.

प्रावीण्याचा अनुभव हे भरपाईच्या त्या चार अनुभवांतील सर्वांत अनपेक्षित अंग आहे, कारण त्यात श्रम असतात. तबला शिकणे, गच्चीवर भाजी पिकवणे, बुद्धिबळ, ट्रेकिंग, भजनी मंडळात पखवाज धरणे यांत शक्ती खर्च होते, पण ती वर्गात खर्च झालेल्या शक्तीहून वेगळी असते आणि आपल्या हातून काही जमते याचा पुरावा लगेच मिळतो. शिकवण्याच्या कामात तो पुरावा मिळायला कधी कधी वीस वर्षे लागतात. मराठी साहित्याने या बाबतीत शिक्षकांकडून बरेच काही घेतले आहे. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते आणि ‘उल्का’सारखी कादंबरी त्या नोकरीच्या काळातली आहे. त्यांच्या लेखनाला विरंगुळा म्हणणे त्या लेखनावर अन्याय करणारे ठरेल, तरी फळा-खडूपलीकडे असलेली स्वतःची अशी एक कार्यशाळा माणसाला काय देते, याचे ते ठळक उदाहरण आहे. अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते आणि वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत. तेथे लेखनही मुलांसाठीच होते, शाळा आणि शाळेबाहेरचे आयुष्य यांच्यात सीमाच नव्हती. ती वृत्ती वंदनीय आहे, पण तिला सर्व शिक्षकांचा मापदंड करणे धोक्याचे आहे, आणि शिक्षकदिनाच्या भाषणांत नेमके तेच केले जाते.

दीर्घ सुट्टी हा या सर्वांवरचा रामबाण उपाय समजला जातो. याना क्यूनेल आणि झोनेनटाग यांनी २०११ मध्ये १३१ शिक्षकांचा सुट्टीपूर्वी व सुट्टीनंतर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुट्टीने थकवा कमी झाला आणि कामातला उत्साह वाढला हे खरे ठरले, परंतु हा लाभ महिन्याभरात विरून गेला. ज्यांना परतल्यावर कामाचा मोठा रेटा सोसावा लागला त्यांचा तो लवकर विरला. ज्यांना रोजच्या संध्याकाळी शिथिलता लाभत होती त्यांचा अधिक काळ टिकला. महाराष्ट्रात विदर्भ वगळता शाळा साधारणपणे जूनच्या मध्याला उघडतात आणि प्रवेश, पटनोंदणी, पाठ्यपुस्तकांचे व गणवेशांचे वाटप, शाळाबाह्य मुलांचा शोध आणि नव्या वर्षाची ऑनलाइन माहिती हा सगळा रेटा नेमका पहिल्या चार आठवड्यांत येतो. मेची सुट्टी निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामात गेली नसेल, तर तिची शिल्लक जुलैच्या मध्यापर्यंत पुरते. पुढे दिवाळीपर्यंतचे महिने रोजच्या संध्याकाळींवरच काढावे लागतात.